पेटीची साथ, बँकेची नोकरी आणि रखडलेलं सोलो रेकॉर्डिंग: विचारा, सांगतो

भाता

नमस्कार मंडळी. मी पेटी वाजवतो. गायकांच्या मागे, तबल्याच्या लेहऱ्याला (तबलावादकासाठी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहणं), कीर्तनात, भजनात, नाटकांच्या तालमींत, जिथे बोलावलं तिथे वाजवली. पोटापाण्याला बँकेत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कोणाच्या ना कोणाच्या मैफलीत ऐकलेलं आहे. भेटल्यावर प्रश्न दोनच असतात. नोकरी सोडून पूर्णवेळ का नाही वाजवलंत, आणि सोलोची रेकॉर्ड कधी येणार. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगावं म्हणून हा धागा. नाव देत नाही, कारण बोलताना इतरांचेही विषय निघतील. बाकी आडपडदा ठेवणार नाही, विचारा.

तिहाई

काका, बरं झालं तुम्हीच धागा काढलात! तुमच्या हातचा तीनतालातला चंद्रकंसचा लेहरा मी तबला शिकताना टेपवर लावून ठेवायचो. माझा प्रश्न तोच. इतका हात तयार असताना तीस-पस्तीस वर्षं काउंटरवर का काढली? कधी राजीनामा लिहून ठेवला होता का खिशात?

भाता

राजीनामा कधी लिहिला नाही.

मी कुडाळकडचा. घरात भजन, जत्रेत दशावतार. पेटी हाताला लागली ती तिथेच, वडिलांच्या मांडीवर बसून. मुंबईत आलो तो परळला काकांच्या खोलीत. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, धडाधड शाखा उघडल्या, भरती निघाली, त्या लाटेत मी लागलो. घरी पैसे पाठवायचे होते, त्यामुळे तेव्हा निवड वगैरे काही नव्हती.

निवड पुढे करावी लागली. साथीदाराचं उत्पन्न हंगामी असतं. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग हिवाळ्यातले महोत्सव. होळी उलटली की हात रिकामे. पूर्णवेळ वाजवणाऱ्याला मिळेल ते घ्यावं लागतं आणि त्यात कमीपणा नाही, माझे कितीतरी मित्र तसे जगले आणि उत्तम वाजवत राहिले. मला मात्र ज्यांच्याबरोबर वाजवून शिकायला मिळेल अशांच्याच मागे बसायचं होतं. पगारामुळे मला नकार देता आला. ऑर्केस्ट्रावाल्यांना दिला, लग्नाच्या रिसेप्शनना दिला. आणि ज्या बुवांकडे मानधन म्हणून नारळ आणि शंभर रुपये मिळायचे, तिथे हौसेनं गेलो, कारण ते तासभर नुसता मारवा मांडायचे.

दुसरी निवड बढतीची. ऑफिसर झालो की बदली ठरलेली. मुंबई सुटली असती तर गुरुजी सुटले असते आणि मैफलीही. बढतीची परीक्षा मी दिलीच नाही. बरोबरचे मॅनेजर झाले, मी क्लार्क म्हणूनच निवृत्त झालो. आजही तसंच करीन.

रियाजाचं विचाराल तर चाळीत पहाटे पेटी वाजवणं अवघड. मी एकच खटका बाहेर ओढायचो, म्हणजे सुरांची एकच ओळ बोलते, भात्यावर पंचा टाकायचो आणि हवा अगदी बेताची द्यायचो. त्या सवयीमुळे माझा भाता हलका झाला. लोक म्हणतात तुमच्या पेटीत श्वास ऐकू येतो. तो तिथून आलाय.

मंद्र_षड्ज

आदर ठेवून विचारतो. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते, पण शेवटी बाहेर पडलेच ना? आणि बाहेर पडले म्हणूनच महाराष्ट्राला ते मिळाले. तुम्ही बाहेर पडला असतात तर सोलोवादक म्हणून नाव झालं असतं असं नाही वाटत?

भाता

आदर पोचला, आणि प्रश्न रास्त आहे.

वसंतराव १९२० चे. 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं १९६७ अखेर. म्हणजे ज्या खाँसाहेबांनी ते घरोघरी पोचले ती भूमिका त्यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाली. त्यांचं गाणं त्याआधीही तेच होतं. जाणकारांना माहीत होतं, मैफली होत होत्या. त्यांच्या गळ्यात जे होतं ते एकट्यानं, पुढे बसून मांडायचंच होतं. नोकरी त्याच्या आड येत होती, म्हणून सोडणं योग्य.

कुमारजींचंही, म्हणजे गायक कुमार गंधर्वांचं, उदाहरण लोक मला देतात. ते वेगळंच आहे. क्षयानं अंथरुणाला खिळले, देवासला राहिले, १९५३ मध्ये पुन्हा गायला बसले. मधली वर्षं त्यांनी निवडलेली नव्हती. त्या पडून राहण्यात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली आणि गाणं बदलून उठलं, हे त्यांचं मोठेपण. आजारपणाच्या सक्तीशी माझ्या पगारी नोकरीची तुलना करू नका, मला संकोच होतो.

माझं म्हणाल, तर साथ हेच माझं काम आहे. पुढे बसायला मिळेपर्यंत मागे बसलो, असं कधीच नव्हतं. हे लोकांना पटत नाही. साथीदार म्हणजे सोलो न जमलेला माणूस, असंच धरून चालतात. पेटीवादक अप्पा जळगावकर घ्या. त्यांच्या साथीत गायकाला जो आधार मिळायचा, तो शंभर सोलोंच्या तोडीचा. मी त्यांना जवळून ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं की हे आलं पाहिजे.

सायली_ठाणे

मला गाण्यातलं कळत नाही, फक्त ऐकायला आवडतं. साथीत नेमकं अवघड काय असतं ते सांगाल? बाहेरून बघताना वाटतं गायक म्हणतो तेच मागून वाजवायचं.

भाता

सायलीताई, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. जरा लांबण लावतो.

गायक काय म्हणणार हे आधी माहीत नसतं. त्यानं म्हटल्यावर वाजवायचं, पण ऐकणाऱ्याला ते मागून आलंय असं वाटता कामा नये. म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघत, स्वर कुठे वळतोय ते ओळखत, अर्ध्या पावलावर राहायचं. अंदाज बांधून पुढे गेलात आणि तो दुसरीकडे वळला तर तुम्ही त्याची वाट अडवली. फार मागे राहिलात तर त्याच्या पुढच्या वाक्यावर तुमचं मागचं वाक्य सांडतं.

मग तो श्वास घेतो. ही जागा सगळ्यात कसोटीची. त्यानं जिथे स्वर ठेवला तोच धरून ठेवायचा, की दोन सुरांचं छोटं उत्तर द्यायचं, की हात उचलायचा? विलंबितात, म्हणजे संथ लयीत, पहिली पंधरा-वीस मिनिटं मी बहुतेक नुसता स्वर धरतो. तो जागा शोधत असतो. तिथे मी माझी हरकत टाकली तर त्याच्या डोक्यातला विचार मोडतो. मध्यलयीत, तो खुशीत असला आणि मान वळवून बघितलं, की मग चार सूर माझे.

आणि पेटीचं म्हणून एक जास्तीचं अवघड. तिच्यावर मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. आता दरबारी घ्या. त्यातला कोमल गंधार आंदोलित, झुलत ठेवलेला, पेटीच्या कोमल गंधारापेक्षा बराच खालचा. पेटीचं ते बटण तिथे दाबलं की रागावर ओरखडा येतो. म्हणून गायक गंधारावर झुलत असताना मी गंधार वाजवतच नाही. मध्यम हलका सोडतो, रिषभावर जाऊन थांबतो, मधली जागा त्याला मोकळी ठेवतो. ऐकणाऱ्याला वाटतं पेटीतही गंधार वाजला. तो त्याच्या गळ्यातला असतो. हे मला गुरुजींनी एका वाक्यात सांगितलं होतं, हातात यायला मात्र खूप काळ गेला.

लेहऱ्याचंही तसंच. तबलावादक तासभर कायदे-रेले, म्हणजे त्याच्या बोलांचे विस्तार, वाजवतो, मी सोळा मात्रांची एकच ओळ. ती लय केसभरही हलता कामा नये आणि ती मरगळताही कामा नये.

सायली_ठाणे

आता पुढच्या मैफलीत मी पेटीवाल्यांच्या हाताकडेच बघणार. मनापासून आभार काका.

अनाहत

विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. पेटी मुळात परदेशी वाद्य. मींड नाही, श्रुती (स्वरांमधल्या बारीक जागा) नाहीत. तुम्ही स्वतःच दरबारीचा गंधार वाजवत नाही म्हणता. मग आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली होती त्यात चूक काय होतं? सारंगी मागे पडली ती पेटीमुळेच.

भाता

अनाहत, तुमची तक्रार अर्धी मला मान्य आहे. आधी बाकीच्या अर्ध्याचं सांगतो.

वाद्य युरोपातलं हे खरं. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास पायानं हवा भरायची हार्मोनियम झाली. आपण मांडी घालून बसणारे, म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातानं भाता मारायची पेटी केली. ती इथे इतकी रुळली की वारकऱ्याच्या दिंडीत आहे, गुरुद्वारात आहे, कव्वालीत आहे. व्हायोलिनही तिकडचंच, त्याला कोणी परकं म्हणत नाही.

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. तेव्हा तिथे लायोनेल फील्डन प्रमुख होते. पाश्चात्त्य संगीत विभागाच्या जॉन फाउल्ड्सनी आधीच पेटीविरुद्ध लेख लिहिला होता आणि रवींद्रनाथांचाही या बंदीला पाठिंबा होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती उठली, तीही ठराविक कलाकारांच्या साथीपुरती. एकल वादनाला दार पुढेही कित्येक वर्षं बंदच राहिलं. म्हणजे मी वाजवायला लागलो तेव्हा पेटीचा सोलो रेडिओवर होऊच शकत नव्हता. गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत पोचायचं त्या काळातलं मोठं माध्यमच नाही. रेकॉर्ड का रखडली याचं एक कारण हे.

पण मैफलीतली पेटी ना बंदीच्या आधी थांबली होती, ना त्या तीन दशकांत थांबली. बंदीच्या कितीतरी आधी गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांना साथ करत, नाटकांना चाली देत, आणि पेटीवर स्वतंत्र राग मांडून दाखवत. त्यांच्यामागून पी. मधुकर आले, त्यांची बोटं ऐकून भलेभले चकित व्हायचे. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, गोव्यातल्या बोरीचे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. बेळगावात रामभाऊ विजापुरे. या माणसांनी सिद्ध केलं की या वाद्यात राग बोलतो.

सारंगीचं दुःख मलाही आहे. ती मागे पडायला पेटी सोपी हे एक कारण झालंच. पण सारंगियांना समाजानं जी वागणूक दिली ते त्याहून मोठं कारण. तो दोष पेटीच्या माथी मारू नका.

आता मान्य असलेलं अर्धं, गंधाराचं. ते सांगितलं की सोलोची रेकॉर्ड कधी येणार, या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल.

तिहाई

काका मी सकाळपासून पेज रिफ्रेश करतोय.

भाता

आलो. दुपारी शिकवणी होती.

बाजारातली पेटी समान अंतरावर लावलेली असते. सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक भाग शंभर सेंट. त्यामुळे कुठल्याही पट्टीला सा धरा, ती सारखीच वाजते. सोय आहे. पण तानपुरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप एक गंधार ऐकू येतो, तो साच्या वर ३८६ सेंटवर असतो. पेटीचा गंधार ४०० वर. चौदा सेंट चढा. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, तो कानाला लागत नाही. गंधार मात्र लागतो. काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला, सा धरून मधल्या सप्तकातला गंधार पेटीवर दाबून ठेवा आणि शेजारी तानपुरा छेडा. सेकंदाला अडीच-तीन वेळा लाट मारल्यासारखा आवाज थरथरतो. साथीत हे झाकलं जातं, कारण कान गायकाच्या गंधारावर असतो. सोलोत झाकायला कोणी नाही.

कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीनं बोलावलं. स्टुडिओत यमन वाजवला, तबला उत्तम, तानपुरे दोन. ऐकायला बसलो आणि पहिल्या आलापातच ती लाट. यमनचा जीव गंधारात, आणि तोच कापतोय. कंपनीच्या माणसाला ऐकू येत नव्हतं, त्यानं सुचवलं तानपुरे कमी करू. एका बाजूला यमन ठेवा, दुसरीकडे नाट्यपदांची माळ गुंफा, खपेल म्हणाला. मी ती टेप निघू दिली नाही. पैसेही घेतले नाहीत. लोकांना वाटलं कंपनीनं मला फसवलं. तसं काही झालेलं नाही, तो निर्णय माझा होता.

मग पेटी जुळवण्याच्या मागे लागलो. पेटीतला सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ, एका टोकाला रिव्हेटनं बसवलेली. मोकळ्या टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. गंधार चौदा सेंट उतरवायचा तर बुडाशी कानशीचे अगदी हलके हात, मग सूर परत जागेवर बसवायचा, हवा देऊन तानपुऱ्याशी ताडून बघायचा, पुन्हा काढायचा. घासल्यावर पितळ गरम होतं, त्यामुळे लगेच ऐकलेलं खरं धरायचं नाही. जरा थांबावं लागतं. मला ज्यांनी हे शिकवलं ते पेटी दुरुस्त करणारे कारागीर होते. जुने जर्मन सूर आणि पालिताण्याचे सूर, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेले.

यात पेच असा की गंधार जुळवला तरी काम संपत नाही. एका सासाठी जुळवलेली पेटी दुसऱ्या पट्टीला बेसूर, म्हणजे स्केल चेंजर (पट्टी सरकवून सा बदलता येणारी पेटी) निरुपयोगी. शिवाय भूप आणि देशकारात सूर तेच पाच, पण देशकारचा धैवत चढा आणि तोच राजा. भूपाला जुळवलेल्या धैवतावर देशकार उभा राहत नाही. डॉ. विद्याधर ओकांनी यावर बावीस श्रुतींची पेटी करून वेगळा मार्ग काढला. मी जुन्या पद्धतीनं गेलो. काळी एकच्या दोन पेट्या, वेगवेगळ्या जुळवलेल्या, आणि राग त्यांना बघून निवडलेले.

हे सगळं नोकरी, मैफली आणि संसार सांभाळून चाललं. मधल्या काळात कॅसेट गेली, सीडी आली तीही गेली. मला त्याची हळहळ नाही. गंधार लागल्याशिवाय माझ्या नावानं काही बाहेर जाणार नव्हतं.

आता ऐका. रेकॉर्डिंग झालेलं आहे. भूप, देशकार आणि पिलू. काम एवढंच राहिलंय की देशकारच्या द्रुतात, म्हणजे जलद लयीत, भात्याचा आवाज जास्त येतोय, माइक पुन्हा लावून तेवढा भाग परत घेणार. दिवाळीच्या आत येईल.

मंद्र_षड्ज

माझा मघाचा प्रश्न मागे घेतो. ती यमनची टेप आहे का अजून? कच्ची असली तरी आम्हाला चालेल.

भाता

आहे. ती मी ऐकवणार नाही. आग्रह करू नका.

न्यूजर्सीकर

काका, इथे आम्ही शनिवारी मराठी शाळेनंतर मुलांना भजनं शिकवतो. कीबोर्ड वापरतो, कारण भारतातून आणलेली पेटी इथल्या थंडीत आणि हीटरमध्ये टिकत नाही. चालेल का?

भाता

मुलांना सूर ओळखायला कीबोर्ड चालेल. पण त्यात भाता नाही, त्यामुळे आवाज लहान-मोठा करणं मुलाच्या हाताला कळत नाही. पेटीचं लाकूड कोरड्या हवेत आकसतं आणि जोडातून हवा गळते, म्हणून हीटरपासून लांब, पेटाऱ्यात, खोलीत थोडा दमटपणा राहील असं ठेवा. घडीची ट्रॅव्हल पेटी घेऊ नका, साधी घ्या. आणि शिकवताना बाजूला तानपुऱ्याचं अॅप लावाच, नुसत्या कीबोर्डवर कान त्याच गंधाराचा होऊन बसेल.

अभि_हिंजवडी

काका, मी सव्वीस वर्षांचा. आयटीत आहे, पेटी आठ वर्षं शिकतोय, आठवड्याला एखादी साथ मिळते. घरच्यांना न सांगता राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये ठेवलाय. तुमचं वाचून गोंधळ वाढला. सोडू की नको?

भाता

अभि, माझं बघून ठरवू नकोस. माझी बँक साडेपाचला सुटायची आणि त्यानंतर मला कोणी फोन करत नव्हतं. तुझे रात्री अकराचे कॉल मला माहीत आहेत, माझा पुतण्या तुझ्याच भागात काम करतो. ज्या नोकरीनं मला मोकळीक दिली तशी तुझी नसेल, तर माझं उत्तर तुला लागू नाही.

तुला एवढंच विचारतो. आठवड्याची ती साथ कोणाची असते? ज्यांच्या मागे बसून तू शिकतोस त्यांची असेल, तर ती वाढव, त्यासाठी नोकरीतली जबाबदारी कमी करून घ्यायची तयारी ठेव, बढती गेली तरी चालेल. नुसते कार्यक्रम येत असतील तर राजीनाम्यानंतर तसलेच आणखी येतील, कारण घरभाडं भरायला तुला ते घ्यावेच लागतील. आणि घरच्यांना सांग. आईवडिलांपासून लपवून घेतलेल्या निर्णयाचं ओझं रियाजाला बसलं की हातावर येतं, मी माझ्या बरोबरीच्यांचं बघितलंय.

पुण्यात एखाद्या तबल्याच्या क्लासला जाऊन लेहरा धर. पैसे मागू नकोस, रोज तासभर बस. चार महिन्यांनी तुझी लय कुठे आहे ते तुलाच कळेल. मग मला लिही. मुंबईला आलास तर घरी ये, पेटी आणू नकोस, माझी जुळवलेली वाजवून बघ.

अभि_हिंजवडी

साथ दोन ठिकाणी असते. एका बुवांकडे शिकायला मिळतं, दुसरीकडे नाही. आज रात्री बाबांशी बोलतो. मेल ड्राफ्टमध्येच राहू दे तूर्त.

अनाहत

भाता, मी काल फार तुसडेपणानं लिहिलं. तानपुऱ्याच्या अॅपवर काळी एक लावून मुलीच्या पेटीवर गंधार धरून बघितला. लाट ऐकू आली. रेकॉर्डची वाट बघतोय. एक शंका आहे, पिलूत तर दोन्ही गंधार, दोन्ही निषाद. मग जुळवणी कशी केलीत?

भाता

तुसडं काही नव्हतं, तुमच्यामुळे मुद्दा नीट मांडता आला.

पिलूचा कोमल गंधार ३१६ सेंटवर घेतलाय, बाजारी पेटीत तो ३०० वर असतो, म्हणजे इथे उलट, सूर चढवावा लागला. शुद्ध गंधार ३८६ वर आहेच. कोमल निषादाला मात्र बरेच दिवस गेले. वरून उतरताना एक बरा वाटतो, पंचमाकडून चढताना दुसरा. शेवटी उतरतानाचा ठेवला आणि चढताना त्यावर थांबायचंच नाही असं बांधून घेतलं. रेकॉर्ड आली की ठुमरीचा अंतरा ऐका, तिथे मी त्याला नुसता स्पर्श करून पुढे जातो. पटतंय का ते इथेच लिहा. तबल्याच्या आणि दोन्ही तानपुऱ्यांच्या साथीदारांची नावं कव्हरवर माझ्या नावाएवढ्याच अक्षरांत असतील, तेही बघा.